ठरवलं आणि ठरलं

जानेवारीच्या दोन तारखेला जपानमधल्या कितीतरी घरांत जमिनीवर कागद अंथरलेला असतो. अरुंद, पण पट्टीसारखा लांबच लांब. खाली जाड लोकरी कापड, कागद हलू नये म्हणून वरच्या टोकाला लोखंडी वजन, बाजूला शाईची खोलगट शिळा. सात-आठ वर्षांचं मूल गुडघे दुमडून बसतं, कुंचला शिळेच्या कडेवर निथळून घेतं आणि श्वास रोखून पहिली रेघ ओढतं. हे वर्षाचं पहिलं लेखन, काकिझोमे. त्यातला एक नियम लहानपणीच शिकवला जातो: एकदा ओढलेल्या रेघेवरून पुन्हा कुंचला फिरवायचा नाही. रेघ थरथरली, शाई पसरली, टोक चुकलं, तरी ते तसंच राहू द्यायचं. फारच बिनसलं तर नवा कागद घ्यायचा, पण जुन्यावर गिरवायचं नाही. जानेवारीच्या मध्याला हे कागद दोंदोयाकी नावाच्या होळीत जाळतात. जळता कागद जितका उंच उडेल तितकं अक्षर सुधारेल, अशी समजूत आहे.

सुट्टी संपून शाळा उघडली की मुलांपुढे आणखी एक कागद येतो. त्यावर लिहायचा असतो या वर्षीचा ‘होऽफु’. शब्द दोन चित्राक्षरांचा आहे. पहिल्याचा अर्थ कवेत घेणं, दुसऱ्याचा पाठीवर वाहणं. छातीशीही धरायचं आणि ओझं म्हणून पाठीवरही घ्यायचं, असं काहीतरी. आपण त्याला संकल्प म्हणू, पण आपल्या संकल्पात हे पाठीवरचं ओझं नाही.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा नव्या वर्षाचा पहिला आठवडा सरत आला असेल. पुण्या-मुंबईत याच दिवसांत आणखी एक हुरहूर असते. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी जपानी भाषेची क्षमता-परीक्षा झालेली असते, आणि ती दिलेली मुलं, मुली, नोकरदार, निवृत्त मंडळी जानेवारीअखेरच्या निकालाकडे डोळे लावून बसलेली असतात. मी स्वतः जपानीच्या एका वर्गात काही वर्षं काढली आहेत. म्हणून या नववर्षाच्या निमित्ताने मला संकल्पांबद्दल लिहायचं आहे ते जपानी भाषेच्या वाटेने. जपानी माणूस ठाम बोलत नाही, ‘हो’ही म्हणत नाही नि ‘नाही’ही म्हणत नाही, असा एक समज आपल्याकडे पक्का बसला आहे. तो मला अपुरा वाटतो. निर्धाराच्या इतक्या बारीक पायऱ्या ज्या भाषेने व्याकरणातच बांधून ठेवल्या, ती भाषा ठाम नाही असं कसं म्हणायचं? ती फक्त आधी विचारते की हा निर्णय कुणाचा, तो किती पिकला आहे आणि त्यात आणखी कोण बांधलं जाणार आहे.

‘मिन्ना नो निहोंगो’ या पाठ्यपुस्तकाचा एकतिसावा धडा जपानी शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मराठी माणसाच्या वाटेत येतो. तिथे इच्छेचं, इराद्याचं आणि बेताचं व्याकरण एकदम अंगावर येतं. ‘इकोऽ तो ओमोइमासु’ असं पहिलं वाक्य. वर्गात त्याचं भाषांतर ‘मी जाण्याचा विचार करतो’ असं झालं, आणि आमच्या बाई काही वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “घरी असं बोलता का कुणी? आईला काय सांगता?” मागच्या बाकावरून उत्तर आलं, “जावं म्हणतेय.” बाईंनी ते फळ्यावर लिहिलं. तेव्हा आमच्या लक्षात आलं की जपानी वाक्यातला ‘तो’ हा कुणाचं तरी म्हणणं सांगणारा शब्द आहे, आणि आपल्याकडेही मनातला बेत ‘म्हणणं’ होऊनच बाहेर येतो. ‘पुढच्या वर्षी गच्चीवर बाग करावी म्हणतोय.’ अजून काही पक्कं नाही. समोरच्याला ‘कशाला?’ म्हणायला जागा आहे.

त्याच्या पुढची पायरी ‘त्सुमोरी’. ‘इकु त्सुमोरी देसु’, म्हणजे जायचा माझा इरादा आहे, मी जाणार आहे. त्यापुढे ‘इकु कोतो नि शिमाशिता’, जायचं ठरवलं. आणि त्याच्या शेजारी, एका क्रियापदाच्या फरकाने, ‘इकु कोतो नि नारिमाशिता’, जायचं ठरलं. फळ्यावर ही दोन वाक्यं एकाखाली एक आली तेव्हा वर्गात हशा पिकला, तो आनंदाचा होता. ज्या बारकाव्यासाठी परदेशी विद्यार्थी वर्षभर झटतात तो आमच्या तोंडात जन्मापासून होता. जपानीत ‘किमेरू’ म्हणजे ठरवणं आणि ‘किमारू’ म्हणजे ठरणं. आपल्याकडे ठरवणं आणि ठरणं. एकाच धातूची दोन मुलं, एकाच्या मागे माणूस उभा आहे, दुसऱ्याच्या मागे कुणीच दिसत नाही.

मराठी घरात ही दोन वाक्यं एकामागोमाग ऐकू येतात. मुलगी आईवडिलांसमोर बसते आणि आवाज थोडा कापत असला तरी सांगते, “आम्ही लग्न करायचं ठरवलंय.” आठवड्याने तेच वडील नात्यातल्यांना फोन करतात, “आमच्या मुलीचं लग्न ठरलं.” मुलीच्या वाक्यात धाडस आहे. वडिलांच्या वाक्यात त्या धाडसाला घराने, नात्यागोत्याने दिलेली जागा आहे. जपानमध्ये गंमत अशी की लग्न करणारी मुलगी स्वतःच्याच लग्नाबद्दल ऑफिसात सांगताना वडिलांचं वाक्य वापरते: ‘केक्कोन सुरू कोतो नि नारिमाशिता.’ लग्न करायचं ठरलं आहे. तिचा स्वतःचा, मनापासूनचा निर्णय आहे, तिने तो कुणावर ढकललेला नाही. पण तिच्या सुट्टीने ज्यांचं काम वाढणार आहे आणि ज्यांना आता काहीतरी भेट आणावी लागणार आहे, त्या सगळ्यांसमोर ‘मी ठरवलं’ असं म्हणणं तिला उद्धट वाटतं. योशिहिको इकेगामी या भाषाशास्त्रज्ञाने १९८१ साली ‘करणं’ आणि ‘होणं’ यांच्या भाषाशास्त्रावर एक अख्खं पुस्तक लिहिलं. जपानी भाषा घटनेकडे ‘कुणी केलं’पेक्षा ‘काय झालं’ या बाजूने पाहते, हा त्यातला धागा. मराठी माणसाला त्यात परकं काही वाटणार नाही. ‘माझ्याकडून कप फुटला’ असं आपणही म्हणतोच.

दुकानाच्या बंद दारावरची पाटी पाहा. आपल्याकडे ‘आज दुकान बंद राहील’ एवढं पुरतं. जपानी दुकानदार लिहितो त्याचा शब्दशः अर्थ असा होतो की आज दुकान बंद ठेवू देण्याची मेहेरबानी आम्ही आपल्याकडून घेत आहोत. ‘सासेते इतादाकिमासु.’ गिऱ्हाईकाला कुणी विचारलेलं नाही, दुकान काही उघडणार नाही, निर्णय दगडासारखा पक्का आहे. पण वाक्याने गिऱ्हाईकाला त्या निर्णयात उभं केलं आहे. कामाचा राजीनामाही याच क्रियापदाने देतात, आलेलं निमंत्रणही याच क्रियापदाने नाकारतात. ज्यांनी जपानी माणसांबरोबर काम केलं आहे त्यांना कळतं की ‘सासेते इतादाकिमासु’ ऐकल्यावर आर्जव करण्यात अर्थ नसतो. वाक्य जेवढं लवलेलं, तेवढा त्यातला निर्णय न लवणारा.

या भाषेतला सर्वांत मोठा निर्धार मी ऐकला तो ८ ऑगस्ट २०१६ रोजी. तेव्हाचे सम्राट अकिहितो ब्याऐंशी वर्षांचे होते. दुपारी तीन वाजता त्यांचं ध्वनिचित्रमुद्रित भाषण सगळ्या प्रमुख वाहिन्यांवरून दाखवलं गेलं, दहा-अकरा मिनिटांचं. त्यांना पद सोडायचं होतं. पण राज्यघटनेने सम्राटाला राज्यकारभाराविषयी कुठलाही अधिकार दिलेला नाही, आणि पदत्यागाची कायद्यात तरतूदच नव्हती. ‘मला पद सोडायचं आहे’ हे वाक्य उच्चारणं म्हणजे कायदा बदला म्हणून सांगणं झालं असतं. म्हणून त्या भाषणात पदत्याग हा शब्द एकदाही आला नाही. ते आपल्या वयाबद्दल बोलले, शस्त्रक्रियांबद्दल बोलले, लोकांमध्ये जाऊन त्यांच्या शेजारी उभं राहणं हे आपलं काम कसं मानत आलो ते बोलले, आणि शरीर थकत चाललं असता ते काम पूर्वीसारखं जीव ओतून करता येणार नाही याची काळजी वाटते, असं सांगितलं. शेवटी लोकांनी हे समजून घ्यावं अशी आशा व्यक्त केली. एवढंच.

भाषण संपलं तेव्हा देशात एकालाही शंका उरली नव्हती. लोकमत सम्राटांच्या बाजूने उभं राहिलं, पुढच्या जूनमध्ये केवळ या एका पदत्यागासाठी खास कायदा झाला आणि ३० एप्रिल २०१९ रोजी अकिहितो पायउतार झाले. १८१७ नंतर, म्हणजे दोनशे वर्षांत, असं झालं नव्हतं. ते भाषण मी पुन्हा पुन्हा ऐकलं आहे. ‘मी ठरवलं’ म्हणण्याचा अधिकार नसलेल्या माणसाने ‘ठरलं’ असं म्हणण्याची वेळ साऱ्या देशावर आणली. यात मला लपवाछपवी दिसत नाही. स्वतःच्या पदाची हद्द न ओलांडता, पण स्वतःचं मनही न गिळता बोलणं किती अवघड असतं, हे त्या दहा मिनिटांत दिसतं.

तरीही ‘ठरलं’ या क्रियापदावर माझा सरसकट जीव नाही, आणि जपानच्याच अनुभवाने तो जडू नये. दुसऱ्या महायुद्धानंतर तोक्योत युद्धगुन्ह्यांचा खटला चालला. ज्यांनी देशाला युद्धात नेलं ते सेनानी आणि मंत्री साक्षीला उभे राहिले. मासाओ मारुयामा या राजकीय विचारवंताने त्या साक्षी बारकाईने वाचल्या आणि १९४९ मध्ये त्यांवर एक निबंध लिहिला. त्याला एक गोष्ट पुन्हा पुन्हा सापडली: वैयक्तिकरीत्या माझा विरोध होता, पण तसं ठरत गेलं, ओघ तसा होता, एकदा ठरल्यावर काय करणार. युद्ध करायचं कुणी ठरवलं, याचं उत्तर द्यायला एकही माणूस सापडेना. मारुयामाने या रचनेला ‘बेजबाबदारीची व्यवस्था’ असं नाव दिलं. सत्तर वर्षांहून अधिक काळ झाला, तरी जपानमध्ये तो शब्द जुना झालेला नाही. मार्च २०११च्या फुकुशिमा अणुदुर्घटनेची चौकशी संसदेने नेमलेल्या स्वतंत्र आयोगाने केली. कियोशी कुरोकावा त्याचे अध्यक्ष होते. जुलै २०१२च्या अहवालात आयोगाने त्या दुर्घटनेला मानवनिर्मित म्हटलं. धोक्याच्या सूचना आधी मिळाल्या होत्या. कंपनी आणि नियामक यांनी त्या पुढे ढकलल्या. ‘विचार करू’, ‘पाहू’, ‘योग्य वेळी’. जपानी सरकारी भाषेत यासाठी ‘केंतोऽ शिमासु’ असा एक झुळझुळीत शब्द आहे, विचार करतो. तो ऐकून परत फिरलेला माणूस बहुधा मोकळ्या हातानेच घरी जातो.

म्हणून ‘नारिमाशिता’मधलं ‘नारू’, म्हणजे होणं, हे क्रियापद कुणाच्या तोंडी आहे, यावर सगळं अवलंबून आहे. लग्न करणाऱ्या मुलीच्या तोंडी ते सौजन्य आहे. ज्याच्या हातात सही आहे त्याच्या तोंडी ते आलं की मला भीती वाटते. आपल्याकडचे सरकारी कागद काढून पाहा. ‘निर्णय घेण्यात आला आहे’, ‘असे ठरविण्यात येत आहे’, ‘कार्यवाही करण्यात यावी’. या वाक्यांत माणूस नाही. ज्यांची जमीन धरणात गेली, ज्यांच्या गावची शाळा बंद झाली, त्यांनी कुणाचं दार ठोठावायचं ते त्या वाक्यातून कळत नाही. क्रियापद बदललं म्हणून अन्याय टळेल असं मी म्हणत नाही. पण अन्याय झाला तर निदान दार सापडेल.

आता पार दुसऱ्या टोकाचं रूप. जपानीत क्रियापदाच्या पुढे ‘मिरू’, म्हणजे पाहणं, जोडलं की करून पाहणं होतं. ‘ओकु’, म्हणजे ठेवणं, जोडलं की करून ठेवणं. ‘शिमाउ’ जोडलं की करून टाकणं. आणि ‘मिसेरू’, म्हणजे दाखवणं, जोडलं की करून दाखवणं. हे मी जुळवून सांगत नाही, व्याकरण खरंच असं आहे. आई मुलाला बुटाची नाडी बांधून दाखवते तेव्हाही ‘मिसेरू’, आणि हरलेला खेळाडू दात आवळून ‘कात्ते मिसेरू’ म्हणतो तेव्हाही तेच. जिंकून दाखवीन. दोन्ही भाषांना एकच गोष्ट सुचली की निर्धाराला साक्षीदार लागतो. कुणीतरी म्हणालं असेल, ‘तुला नाही जमायचं’. हे वाक्य त्याच्याकडे तोंड करून बोललं जातं. ऑफिसात, वडीलधाऱ्यांसमोर जपानी माणूस हे रूप सहसा वापरत नाही. ते मैदानावरचं, भांडणातलं, स्वतःशी घेतलेल्या शपथेतलं रूप आहे. आपल्याकडे त्याहून छोटं हत्यार आहे, एका अक्षराचं. लोकमान्यांच्या त्या प्रसिद्ध उद्गारातून ‘मिळवणारच’मधला शेवटचा ‘च’ काढून पाहा, म्हणजे त्या अक्षराने किती भार पेलला आहे ते समजेल. तो ‘च’ जपानीत न्यायचा तर ‘कानाराझु’, म्हणजे नक्की, हा शब्दही लागेल आणि ‘ते मिसेरू’ही, आणि तरीही थोडं मागे उरेल असं मला वाटतं.

निर्णय या अर्थाचे जपानी शब्द, ‘केत्सुई’, ‘केश्शिन’, ‘केत्सुदान’, सगळे ‘केत्सु’ या एका चित्राक्षराने सुरू होतात. त्या अक्षराच्या डाव्या बाजूला पाण्याचे तीन थेंब आहेत. हेच अक्षर बांध फुटण्यासाठी वापरतात. नदीचा बंधारा कोसळला की बातमीत ‘केक्काइ’ हा शब्द येतो, त्यातलं ‘के’ तेच. म्हणजे निर्णय घेणं हे मुळात तुंबलेलं पाणी वाट फोडून निघण्यासारखं आहे. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमच्या घरचा सत्यनारायण आठवला. गुरुजी यजमानाच्या उजव्या तळहातावर पळीने पाणी घालतात, देशकाल उच्चारतात, आणि ते पाणी ताम्हनात सोडलं की संकल्प झाला. आपण संकल्प ‘करतो’ असं हल्ली म्हणतो. जुनी माणसं संकल्प ‘सोडला’ म्हणायची. हातातून सुटलेलं पाणी परत हातात येत नाही. चीनमधून आलेलं ते अक्षर आणि आपली ही पळी यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण दोन्हीकडे पाणीच आलं याचं मला अजून नवल वाटतं.

जपानी माणूस निर्धार करतो तो पोटाने. ‘हारा ओ किमेरू’, पोट ठरवणं. ‘हारा ओ कुकुरू’, पोट आवळून बांधणं. आपण कंबर कसतो त्याच्या दोन बोटं वरच. अवघड निर्णय घेताना ‘कियोमिझुच्या सज्ज्यावरून उडी मारतोय असं समजून’ असं म्हणतात. क्योतोच्या कियोमिझु देवळाचा तो लाकडी सज्जा सुमारे १३ मीटर उंच आहे, आणि एदो काळात नवस म्हणून खरोखर उड्या मारणाऱ्यांच्या नोंदी तिथे आहेत. मागे नदी ठेवून सैन्य उभं करायची चिनी युद्धकथाही त्यांच्या भाषेत म्हण होऊन बसली आहे. सिंहगडावर दोर कापल्याची गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही.

पण या सगळ्या शब्दांत माझं मन अडकलं आहे ते ‘त्सुमोरी’मध्ये. त्याचं मूळ ‘त्सुमोरू’, साचणं, थरावर थर बसणं, जसा बर्फ साचतो. त्याच कुळातला ‘मित्सुमोरी’ म्हणजे खर्चाचा अंदाज, गवंडी किंवा सुतार काम हाती घेण्याआधी देतो तो. मनात साचत साचत गेलेला अंदाज म्हणजे इरादा. पण त्याच शब्दाला भूतकाळ जोडला की अर्थ उलटतो. ‘वाकात्ता त्सुमोरी’ म्हणजे समजल्याची समजूत. ‘यात्ता त्सुमोरी’ म्हणजे केल्याची समजूत. इरादा आणि भ्रम यांना या भाषेने एकाच घरात ठेवलं आहे. शिवाय ‘त्सुमोरी चोकिन’ नावाची बचतीची एक जुनी रीत आहे. रोजचा चहा-कॉफीचा पैसा खर्च झाला असं समजायचं आणि तो डब्यात टाकायचा. इथे तीच समजूत कामाला येते.

या शब्दाने मला एकदा चांगलीच ठेच लागली. आमच्याकडे पाहुणे म्हणून आलेले एक वयस्क जपानी प्राध्यापक परत कधी निघणार हे मला विचारायचं होतं. मी एकतिसाव्या धड्यातलं वाक्य जसंच्या तसं उचललं, ‘इत्सु काएरू त्सुमोरी देसु का?’ ते क्षणभर थांबले, हसून तारीख सांगितली. संध्याकाळी बाईंनी बाजूला घेऊन सांगितलं की मोठ्या माणसाला असं विचारणं म्हणजे ‘निघायचा काही इरादा आहे की नाही?’ असं विचारण्यासारखं आहे. दुसऱ्याचा इरादा हा त्याच्या मनातला ऐवज. तो सांगेल तेव्हा ऐकावा, हात घालून काढू नये. जपानी व्याकरण यात इतकं कडक आहे की ‘त्याला जायचं आहे’ असं सरळ विधानही करता येत नाही; जायचं आहे असं तो म्हणतोय, तसं दिसतंय, असं काहीतरी जोडावं लागतं. त्या दिवसापासून मी नव्या वर्षात कुणाला ‘काय मग, यंदा काय ठरवलंय?’ असं विचारायचं सोडलं. जे सांगतात त्यांचं मनापासून ऐकते.

मघाच्या त्या ‘इकोऽ’ या रूपाबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. ‘जावं म्हणतोय’ यातलं जे रूप, तेच ‘चला, जाऊ या’ याचंही रूप आहे. स्वतःचा बेत आणि दुसऱ्याला दिलेली साद यांत जपानीने भेद केलेला नाही. १७ जानेवारी १९९५ला कोबे शहर भूकंपाने उद्ध्वस्त झालं. त्या वर्षी तिथल्या ओरिक्स बेसबॉल संघाने खेळाडूंच्या बाहीवर दोन शब्द शिवून घेतले, ‘गाम्बारोऽ कोबे’. प्रसिद्ध बेसबॉलपटू इचिरो तेव्हा त्याच संघात होता, आणि त्या मोसमात संघाने पॅसिफिक लीग जिंकली. ‘गाम्बारे’ म्हणजे नेट लाव, धीर धर. ही आज्ञा आहे. ‘गाम्बारोऽ’ म्हणजे नेट लावू या. बोलणारा त्यात स्वतःला धरतो. २०११च्या त्सुनामीनंतर हा फरक फार दुखरा झाला. सगळं वाहून गेलेल्या माणसांना दुरून ‘गाम्बारे’ म्हणणं किती जड जातं, आणखी किती नेट लावायचा त्यांनी, यावर जपानमध्ये खूप बोललं गेलं. नैराश्यात असलेल्या माणसाला हा शब्द म्हणू नये, असंही आता तिथे सांगितलं जातं. मला हे फार मोलाचं वाटतं. आपल्याकडे ‘खंबीर हो’ असं सांगणाऱ्यांची रांग लागते. ‘होऊ या’ म्हणत शेजारी बसणारा एखादाच निघतो.

संकल्प मोडणाऱ्यालाही या भाषेत जागा आहे. तीन दिवसांत मठातून परतणारा भिक्षू, ‘मिक्का बोऽझु’. आजची चार-पाच तारीख म्हणजे त्याचीच वेळ. आणि त्याच्यासमोर बसलेला असतो दारुमा, लाल, गोल, बिनहातापायाचा, बुडाशी वजन असलेला. आडवा केला की पुन्हा उभा. दक्षिण भारतातून चीनला गेलेल्या आणि परंपरेप्रमाणे नऊ वर्षं भिंतीकडे तोंड करून बसलेल्या बोधिधर्माचं हे रूप. गुन्मा प्रांतातल्या ताकासाकी शहरात शोरिन्झान देवळात ६ आणि ७ जानेवारीला दारुमांची मोठी जत्रा भरते. १७८३ साली आसामा ज्वालामुखीचा उद्रेक झाला, दुष्काळ पडला, तेव्हा देवळाच्या मठाधिपतींनी लाकडी साचा करून शेतकऱ्यांना कागदाच्या लगद्याचे दारुमा करायला शिकवलं, असं देवळाची परंपरा सांगते. ताकासाकीच्या दारुमाच्या भुवया करकोच्याच्या आकाराच्या आणि दाढी कासवाच्या. डोळे मात्र कोरे असतात. संकल्प केला की एक डोळा रंगवायचा, पुरा झाला की दुसरा.

असा एक दारुमा माझ्या शेजारच्या घरी आहे, मुठीएवढा. त्या घरातली मुलगी एन-३ पातळीची परीक्षा दोनदा नापास झाली आणि डिसेंबरमध्ये तिसऱ्यांदा बसली. परवा मी गेले तर तिची आई तिला विचारत होती, “मग तुझं पुढचं काय ठरलं?” मुलगी पुस्तकांना कव्हरं घालत होती. मान वर न करता म्हणाली, “ठरलं नाही गं, ठरवलंय.” आईने पुढे काही विचारलं नाही, मीही नाही. दारुमा खिडकीत, शब्दकोशाला टेकवून ठेवला होता. त्याचा एक डोळा रंगवलेला होता. ब्रश नसल्याने तिने तो स्केचपेनाने भरला होता आणि कडेला शाई थोडी पसरली होती. तिने ती पुसली नव्हती.